विक्रीच्या आकड्यांची ऐतिहासिक चिकित्सा : व्हिडिओ गेम कन्सोलच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :

बखरीत दिलेली फौजेची संख्या इतिहाससंशोधक जशीच्या तशी स्वीकारीत नाही. ती कोणी लिहिली, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली, लिहिणाऱ्याचा हेतू काय होता आणि समकालीन पत्रव्यवहाराशी ती जुळते का, हे प्रश्न तो प्रथम विचारतो. साधनांची अशी कठोर चिकित्सा करण्याची परंपरा महाराष्ट्रात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यापासून दृढ झालेली आहे. तथापि अलीकडच्या काळातील उद्योगांचा इतिहास लिहिताना हीच सावधगिरी पुष्कळदा सुटते. कंपनीने प्रसिद्ध केलेला आकडा छापील असतो, ताजा असतो आणि नेमका दिसतो. त्यामुळे तो पुरावा म्हणून सहज स्वीकारला जातो.

व्हिडिओ गेम कन्सोल, म्हणजेच दूरचित्रवाणी संचाला जोडून अथवा हातात धरून खेळ खेळण्यासाठी बनविलेले संगणकीय यंत्र, हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. १९७२ मध्ये अमेरिकेत मॅग्नाव्हॉक्स ओडिसी हा घरगुती कन्सोल बाजारात आला. म्हणजे या उद्योगाचे वय जेमतेम अर्धशतकाचे आहे. त्यातील अनेक कंपन्या आजही अस्तित्वात आहेत, त्यांचे ताळेबंद उपलब्ध आहेत आणि त्या काळी काम करणारी अनेक माणसे हयात आहेत. असे असूनही ‘अमुक कन्सोल एकूण किती विकला गेला?’ या साध्या प्रश्नावर अभ्यासकांत गेली अनेक वर्षे वाद चालू आहे.

हा वाद केवळ हौशी खेळाडूंचा आहे असे समजणे चुकीचे ठरेल. कोणत्या यंत्रासाठी खेळ तयार करावयाचे, हे खेळनिर्मात्या कंपन्या त्या यंत्राच्या विक्रीवरून ठरवितात. गुंतवणूकदार याच आकड्यांवर विसंबून समभाग खरेदी करतात. पुढे इतिहासकार याच आकड्यांच्या आधारे कोणते यंत्र यशस्वी झाले व कोणते अपयशी ठरले याचा निवाडा करतो आणि त्या यशापयशाची कारणे शोधतो. आकडाच चुकीचा असेल तर न घडलेल्या घटनेची कारणमीमांसा करण्याचा प्रसंग त्याच्यावर ओढवतो.

उद्दिष्टे :

१. ‘विक्री’ या संज्ञेचे कन्सोल उद्योगातील विविध अर्थ स्पष्ट करणे.
२. विक्रीचे अनुमान काढण्याच्या प्रमुख पद्धती व त्यांच्या मर्यादा तपासणे.
३. असे आकडे इतिहासलेखनात वापरताना पाळावयाचे नियम सुचविणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे. कंपन्यांनी वेळोवेळी जाहीर केलेली आकडेवारी, बाजार-सर्वेक्षण संस्थांची कार्यपद्धती आणि उद्योगाच्या इतिहासातील ज्ञात घटना यांचा परस्परांशी ताळा घालून निष्कर्ष काढण्यात आले आहेत.

१. ‘विक्री’ या शब्दाचे चार अर्थ

कारखान्यात तयार झालेला कन्सोल ग्राहकाच्या घरी पोहोचेपर्यंत अनेक हातांतून जातो. या प्रवासात मोजणी कोठे केली, यावर आकडा अवलंबून असतो. पहिली मोजणी कारखान्याच्या दाराशी होते. तयार होऊन बाहेर पडलेल्या संचांची ही संख्या ‘उत्पादन-रवानगी’ या नावाने ओळखता येईल. दुसरी मोजणी कंपनी व्यापाऱ्याला माल विकते तेव्हा होते. कंपनीच्या हिशेबात विक्रीची नोंद होते ती याच टप्प्यावर. तिसरी मोजणी दुकानातून ग्राहकाने संच विकत घेतल्यावर होते. चौथी मोजणी प्रत्यक्ष वापरात असलेल्या संचांची असते. एकाच घराने बिघडलेल्या संचाऐवजी दुसरा घेतला, तर तिसऱ्या मोजणीत दोन संच येतात आणि चौथ्या मोजणीत एकच.

या चारही आकड्यांना व्यवहारात सर्रास ‘विक्री’ असेच म्हटले जाते. वादाचे मूळ येथेच आहे. दोन अभ्यासक एकाच यंत्राविषयी दोन निरनिराळे आकडे देतात आणि परस्परांना चूक ठरवितात. वस्तुतः दोघांचेही आकडे बरोबर असू शकतात, कारण त्यांनी प्रवासाच्या दोन निरनिराळ्या टप्प्यांवर मोजणी केलेली असते.

या टप्प्यांमधील अंतर कायम सारखे राहत नाही, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे. यंत्र नुकतेच बाजारात आलेले असताना जहाजांत, गोदामांत व दुकानांच्या फडताळांवर मोठा साठा पडून असतो. त्यामुळे पहिल्या व तिसऱ्या आकड्यात मोठी तफावत दिसते. उत्पादन बंद होऊन काही वर्षे लोटली की साठा संपत जातो आणि हे आकडे एकमेकांजवळ येतात. मात्र माल परत आला किंवा नष्ट करावा लागला, तर ही तफावत अखेरपर्यंत राहते. अटारी कंपनीच्या इतिहासात नेमके हेच घडले.

२. अटारीचा अनुभव

अटारी कंपनीने सप्टेंबर १९७७ मध्ये ‘व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम’ हा कन्सोल बाजारात आणला. पुढे तो ‘अटारी २६००’ या नावाने प्रसिद्ध झाला. १९८१ च्या सुमारास मागणी इतकी वाढली की पुरवठा अपुरा पडू लागला. तेव्हा कंपनीने वितरकांकडून १९८२ या संपूर्ण वर्षाची मागणी आगाऊ नोंदवून घेतली. मागितलेला सर्व माल मिळत नाही, हा पूर्वानुभव असल्यामुळे वितरकांनी गरजेपेक्षा अधिक मागणी नोंदविली. कंपनीने मात्र ती खरी मागणी मानली. प्रतिस्पर्धी कंपन्यांचे खेळ बाजारात येताच या मागण्या रद्द होऊ लागल्या.

७ डिसेंबर १९८२ रोजी अटारीची पालक कंपनी वॉर्नर कम्युनिकेशन्स हिने अपेक्षेपेक्षा बराच कमी नफा होणार असल्याचे जाहीर केले आणि तिच्या समभागाचे मूल्य सुमारे एकतृतीयांशाने घसरले. कागदावर ‘विकला गेलेला’ माल प्रत्यक्षात विकला गेलेला नव्हता, असा या घटनेचा अर्थ होता. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने न खपलेला माल न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो येथील कचरा-मैदानात पुरला.

या पुरलेल्या मालाविषयी पुढे दंतकथा निर्माण झाल्या. ‘ई. टी.’ या एकाच खेळाच्या लक्षावधी कॅसेट तेथे गाडल्या आहेत, असे सांगितले जाऊ लागले. २६ एप्रिल २०१४ रोजी तेथे उत्खनन झाले. सुमारे १,३०० कॅसेट बाहेर काढण्यात आल्या. त्यांत अनेक निरनिराळे खेळ होते आणि ‘ई. टी.’ चे प्रमाण अल्प होते. मूळ विल्हेवाटीची जबाबदारी सांभाळणाऱ्या माजी अधिकाऱ्याने पुरलेल्या कॅसेटची एकूण संख्या ७ लाख २८ हजार असल्याचे सांगितले. दंतकथेतील आकडा, कंपनीच्या व्यक्तीने सांगितलेला आकडा आणि जमिनीतून निघालेला भौतिक पुरावा असे तीन प्रकारचे साधन येथे एकत्र आले. त्यांचे पुराव्याच्या दृष्टीने मूल्य समान नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकास वेगळे सांगण्याची गरज नाही.

३. सोनीची बदललेली मोजपद्धती

सोनी कंपनी अनेक वर्षे प्लेस्टेशनच्या विविध यंत्रांसाठी उत्पादन-रवानगीचे आकडे प्रसिद्ध करीत असे. एप्रिल २००७ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून तिने ही पद्धत बदलली आणि हिशेबात नोंदविलेल्या विक्रीचे आकडे देण्यास प्रारंभ केला. या बदलामुळे दोन मोजण्यांतील अंतर प्रथमच स्पष्टपणे समोर आले.

प्लेस्टेशन ३ हा कन्सोल नोव्हेंबर २००६ मध्ये बाजारात आला. मार्च २००७ अखेर त्याची उत्पादन-रवानगी ५५ लाख संच होती. नव्या पद्धतीनुसार त्याच कालावधीची विक्री मात्र ३६ लाखांच्या आसपास भरली. म्हणजे सुमारे १९ लाख संच कारखान्यातून निघाले होते, परंतु व्यापाऱ्यांना विकले गेले नव्हते. पहिल्या आकड्यावरून लिहिणारा अभ्यासक या यंत्राचा प्रारंभ दमदार झाला असे म्हणेल. दुसऱ्या आकड्यावरून लिहिणारा तो अडखळत झाला असे म्हणेल. दोघांचाही आधार एकाच कंपनीची अधिकृत कागदपत्रे हाच असेल. यावरून ‘अधिकृत’ हा शब्द चिकित्सेला पर्याय ठरू शकत नाही, हे स्पष्ट होते.

याउलट निन्टेन्डो कंपनीने आपल्या यंत्रांची एकत्रित विक्री प्रदेशवार जाहीर करण्याची पद्धत दीर्घकाळ सांभाळली आहे. तिच्या नोंदीनुसार फॅमिकॉम (अमेरिका व युरोपातील नाव ‘एनईएस’) हा कन्सोल ६ कोटी १९ लाख १० हजार, वी हा १० कोटी १६ लाख ३० हजार आणि डीएस हा १५ कोटी ४० लाख २० हजार इतका विकला गेला. सातत्य हा या मालिकेचा मोठा गुण आहे. तरीही हे आकडे कंपनीने व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीचे आहेत, ग्राहकांनी केलेल्या खरेदीचे नाहीत, याचे भान सुटता कामा नये.

४. किरकोळ विक्रीचे नमुना सर्वेक्षण

ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या संचांची संख्या कंपनीला थेट ठाऊक नसते. ती दुकानांच्या विक्री-नोंदींवरून काढावी लागते. अमेरिकेत एनपीडी ही संस्था दीर्घकाळ हे काम करीत आली. २०२३ पासून ती सर्काना या नावाने ओळखली जाते. जपानमध्ये फामित्सु व मीडिया क्रिएट यांनी साप्ताहिक आकडे प्रसिद्ध केले. सहभागी दुकानांतील नोंदी गोळा करावयाच्या आणि सहभागी नसलेल्या दुकानांचा अंदाज त्यांत मिळवून संपूर्ण देशाचा आकडा काढावयाचा, असे या पद्धतीचे स्वरूप आहे.

म्हणजेच हा आकडा मोजलेला नसून अनुमानित असतो. नमुना प्रातिनिधिक असेल तर अनुमान विश्वसनीय ठरते. पण नमुन्याबाहेर राहिलेले दुकान फार मोठे असेल तर काय, हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. वॉलमार्ट या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या किरकोळ विक्रेत्याने २००१ मध्ये आपली विक्री-माहिती बाहेरील सर्वेक्षण संस्थांना देणे थांबविले. तेथील विक्रीचा अंदाज अन्य मार्गांनी बांधणे त्यानंतर क्रमप्राप्त झाले. पुढे ऑक्टोबर २०१० च्या सुमारास एनपीडीने कन्सोलनिहाय विक्रीचे मासिक आकडे सर्वांसाठी प्रसिद्ध करणे बंद केले. सशुल्क ग्राहकांना ते मिळत राहिले, परंतु विद्यापीठीय अभ्यासकासाठी हा मार्ग जवळजवळ बंद झाला.

अशा वेळी निर्माण झालेली पोकळी भरून काढण्यासाठी अनेकांनी स्वतःचे अंदाज प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. त्यांतील काहींनी जगातील प्रत्येक यंत्राचा साप्ताहिक आकडा अगदी एककापर्यंत दिला, परंतु तो कसा काढला हे पुरेसे स्पष्ट केले नाही. कंपनीचा अधिकृत आकडा जाहीर झाल्यानंतर जुने अंदाज मागील तारखेपासून बदलले जात, त्यामुळे ते नेहमीच अचूक ठरल्यासारखे दिसत. येथे एक महत्त्वाचा फरक लक्षात घ्यावा लागतो. आकड्यातील अंक वाढले म्हणून त्याची विश्वसनीयता वाढत नाही. ‘४२ लाख ३७ हजार ६१८’ हा निराधार आकडा ‘सुमारे ४० ते ४५ लाख’ या साधार आकड्यापेक्षा इतिहासाच्या दृष्टीने कमी मोलाचा आहे.

५. मौन आणि वजाबाकी

कंपनीने आकडाच दिला नाही तर अनुमान कसे काढावे, हा प्रश्न मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन या कन्सोलच्या निमित्ताने उपस्थित झाला. ऑक्टोबर २०१५ मध्ये कंपनीने आपल्या कन्सोलच्या विक्रीची संख्या यापुढे जाहीर केली जाणार नाही, असे स्पष्ट केले. त्याऐवजी तिच्या ऑनलाइन सेवेचा दरमहा वापर करणाऱ्यांची संख्या देण्यात येऊ लागली. ही संख्या मुळात यंत्रांची नव्हे, वापरकर्त्यांची आहे. तेव्हा दोहोंची तुलना संभवत नाही.

मौनाच्या या काळात अभ्यासकांनी अप्रत्यक्ष पुराव्याचा आधार घेतला. जानेवारी २०१६ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या खेळनिर्मात्या कंपनीच्या वित्त-अधिकाऱ्याने प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन मिळून सुमारे साडेपाच कोटी संच विकले गेल्याचा उल्लेख केला. सोनीने त्याच महिन्यात प्लेस्टेशन ४ ची ग्राहकांना झालेली विक्री ३ कोटी ५९ लाख असल्याचे सांगितले होते. वजाबाकी केल्यास एक्सबॉक्स वनसाठी सुमारे १ कोटी ९० लाख उरतात. वजाबाकी बिनचूक आहे. परंतु पहिला आकडा कोणत्या टप्प्यावरचा होता हे निश्चित नसल्यामुळे उत्तराच्या दोन्ही बाजूंना दहा-वीस लाखांची जागा सोडणे भाग आहे.

२०२२ मध्ये याहून भक्कम पुरावा पुढे आला. एका मोठ्या कंपनी-खरेदीच्या चौकशीत ब्राझीलच्या स्पर्धा-नियामक संस्थेसमोर दाखल केलेल्या निवेदनात, मागील पिढीच्या यंत्रांत सोनीची विक्री आपल्या दुपटीहून अधिक झाली, असे मायक्रोसॉफ्टच्या बाजूने मान्य करण्यात आले. प्लेस्टेशन ४ चा आकडा तेव्हा ११ कोटी ७२ लाख होता. यावरून एक्सबॉक्स वनची विक्री ५ कोटी ८६ लाखांपेक्षा कमी असली पाहिजे, इतके निश्चितपणे म्हणता येते. हा आकडा कमाल मर्यादा दाखवितो, प्रत्यक्ष विक्री नव्हे. तरीही त्याचे मोल अधिक आहे. जाहिरातीत आपली बाजू मोठी करून दाखविणारी कंपनी नियामकासमोर आपला वाटा लहान असल्याचे सांगत होती, आणि तसे सांगण्यात तिचा हेतूही होता. साधनाचा हेतू बदलला की त्याचा कलही बदलतो, हा बखर आणि तहनामा यांच्या तुलनेतून परिचित असलेला नियम येथेही लागू पडतो.

६. अनुक्रमांकांवरून अनुमान

कंपनीच्या शब्दावर अजिबात विसंबून न राहता अनुमान काढण्याची एक पद्धत संख्याशास्त्राने दिलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे मासिक रणगाडा-उत्पादन किती आहे, हे जाणून घेण्यासाठी दोस्त राष्ट्रांच्या विश्लेषकांनी हाती लागलेल्या रणगाड्यांच्या भागांवरील अनुक्रमांकांचा उपयोग केला. ऑगस्ट १९४२ साठी हेरखात्याचा अंदाज १,५५० होता, अनुक्रमांकांवरून काढलेला ३२७ होता. युद्धानंतर मिळालेल्या जर्मन कागदपत्रांत हा आकडा ३४२ आढळला.

या पद्धतीचे तत्त्व साधे आहे. समजा, चार संच पाहावयास मिळाले आणि त्यांतील सर्वांत मोठा अनुक्रमांक ६० आहे. ६० ला चारने भागून आलेले १५ त्यात मिळवावेत आणि एक वजा करावा. एकूण उत्पादन सुमारे ७४ असावे, असे अनुमान निघते. पाहिलेल्या संचांची संख्या वाढेल तसे अनुमान अधिक काटेकोर होत जाते.

कन्सोलच्या नात्यातील एका यंत्राबाबत या पद्धतीने जुना समज मोडीत काढला. ऑगस्ट १९८२ मध्ये बाजारात आलेला कमोडोर ६४ हा घरगुती संगणक मोठ्या प्रमाणात खेळांसाठीच वापरला गेला. त्याची विक्री ३ कोटी झाल्याचा उल्लेख विक्रमांच्या सुप्रसिद्ध संग्रहग्रंथातही स्थिरावला होता. कंपनीचे संस्थापक जॅक ट्रॅमिएल यांनीही उत्तरायुष्यात २ ते ३ कोटी असे सांगितले, परंतु ते स्वतः जानेवारी १९८४ मध्येच कंपनीतून बाहेर पडले होते. पुढे जगभरातील संग्राहकांकडील संचांचे अनुक्रमांक एकत्र करून केलेल्या विश्लेषणातून सुमारे १ कोटी २५ लाख हा आकडा पुढे आला. आज अभ्यासक सामान्यतः १ कोटी २५ लाख ते १ कोटी ७० लाख ही मर्यादा देतात. तीन कोटींचा आकडा अनेक पुस्तकांतून आला असला, तरी एकाच विधानाची ती पुनरावृत्ती होती. साक्षीदारांची संख्या वाढली होती, साक्ष एकच होती.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. निरनिराळ्या कारखान्यांची स्वतंत्र मालिका असल्यास, मधले क्रमांक वगळले गेल्यास किंवा जुने संच दुरुस्त करून नव्या क्रमांकाने विकले गेल्यास अनुमान फसते. शिवाय ती उत्पादनाचा आकडा देते, विक्रीचा नाही.

७. व्याख्येचा प्रश्न

काय मोजावयाचे हे ठरल्याशिवाय किती, हे सांगता येत नाही. निन्टेन्डोच्या नोंदीत गेम बॉय आणि १९९८ मध्ये आलेला गेम बॉय कलर यांची विक्री एकत्र, म्हणजे ११ कोटी ८६ लाख ९० हजार दिली जाते. ही दोन यंत्रे मानली तर क्रमवारी बदलते. सोनीने २००३ मध्ये जपानमध्ये आणलेल्या ‘पीएसएक्स’ या चित्रमुद्रण यंत्रात प्लेस्टेशन २ अंतर्भूत होता. त्याची गणना कोठे करावयाची, असाही प्रश्न उरतो.

सेगा कंपनीचा मेगा ड्राइव्ह हा कन्सोल (जपान, ऑक्टोबर १९८८) या संदर्भात बोलका आहे. त्याच्या जागतिक विक्रीचे आकडे २ कोटी ९० लाखांपासून ४ कोटींपर्यंत आढळतात. सेगाची स्वतःची विक्री ३ कोटी ७ लाख ५० हजार धरली जाते. ब्राझीलमधील परवानाधारक टेकटॉय कंपनीचे ३० लाख संच त्यात मिळविले जातात. अमेरिकेत मजेस्को कंपनीने १९९८ मध्ये हेच यंत्र पुन्हा आणले, त्याचे १५ लाखही जोडले जातात. बेरीज ३ कोटी ५२ लाख ५० हजार होते. परंतु यांतील मजेस्कोचा आकडा हा त्या वर्षअखेरपर्यंत किती संच विकले जातील याविषयी कंपनीने केलेला अंदाज होता. झालेली विक्री आणि होऊ घातलेली विक्री यांची बेरीज करणे म्हणजे कापणी झालेल्या धान्यात उभ्या पिकाचा अंदाज मिसळण्यासारखे आहे.

मोजणीबाहेर राहिलेल्या यंत्रांचा प्रश्न भारतासारख्या देशाला अधिक लागू पडतो. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत व तालुक्यांच्या ठिकाणी ‘टीव्ही गेम’ या नावाने जे संच घरोघरी आले, ते बहुतांशी फॅमिकॉमच्या नकला होत्या. रशियात १९९२ पासून ‘डेंडी’ या नावाने असाच संच लोकप्रिय झाला. निन्टेन्डोच्या ६ कोटी १९ लाखांत या नकलांचा अर्थातच समावेश नाही. मूळ संच इतर देशांतून आणून मुंबईतील लॅमिंग्टन मार्गासारख्या बाजारपेठांत विकले जात. ते कंपनीच्या हिशेबात ज्या देशात प्रथम विकले गेले त्या देशाच्या खाती पडत. परिणामी कंपनीच्या कागदपत्रांवरूनच इतिहास लिहिल्यास त्या काळी भारतात कन्सोल जवळजवळ नव्हतेच, असा निष्कर्ष निघेल. एका संपूर्ण पिढीचा अनुभव त्या निष्कर्षाला छेद देतो. ज्यांची नोंद झाली नाही त्यांना इतिहास नाही असे मानणे, हा आकड्यांवर विसंबण्यातील सर्वांत मोठा धोका आहे.

८. अग्रक्रमाचा वाद : प्लेस्टेशन २ आणि स्विच

आतापर्यंतच्या विवेचनाचा कस लागतो तो ‘सर्वाधिक विकला गेलेला कन्सोल कोणता?’ या प्रश्नावर. ४ मार्च २००० रोजी जपानमध्ये आलेल्या प्लेस्टेशन २ चा मार्च २०१२ अखेरचा अधिकृत आकडा १५ कोटी ५० लाखांहून अधिक असा होता. त्यानंतर सोनीने प्लेस्टेशन २ व ३ यांची विक्री एकत्रित देण्यास सुरुवात केली. जानेवारी २०१३ च्या प्रारंभी प्लेस्टेशन २ चे उत्पादन जगभर थांबल्याचे स्पष्ट झाले. म्हणजे अखेरच्या सुमारे नऊ महिन्यांचा स्वतंत्र आकडा उपलब्ध नाही. त्यापूर्वीच्या दोन आर्थिक वर्षांत विक्री अनुक्रमे ६४ लाख व ४१ लाख, अशी उतरत्या क्रमाने होती. हा कल धरून पुष्कळ अभ्यासक एकूण विक्री १५ कोटी ७० लाखांच्या पुढेमागे मानीत आले.

मार्च २०२४ मध्ये सोनीच्या या विभागाचे मावळते प्रमुख जिम रायन यांनी मुलाखतीत १६ कोटी हा आकडा उच्चारला. त्याच वर्षाच्या अखेरीस, प्लेस्टेशनच्या ३० व्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने, कंपनीनेही १६ कोटींहून अधिक असे जाहीर केले. कंपनीकडे मूळ नोंदी असणार, हा या आकड्याचा बळकट आधार होय. वर्षवार तपशील त्यासोबत नाही आणि पूर्वीच्या उतरत्या कलाशी तो सहज जुळत नाही, या त्याच्या उणिवा होत.

दुसरीकडे मार्च २०१७ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विचची विक्री ३० सप्टेंबर २०२५ अखेर १५ कोटी ४० लाख १० हजार, म्हणजे त्याच कंपनीच्या डीएसपेक्षा अवघ्या १० हजारांनी कमी होती. डिसेंबर २०२५ अखेरच्या आकडेवारीत स्विचने डीएसला मागे टाकले. ही तुलना निःशंकपणे ग्राह्य आहे, कारण दोन्ही आकडे एकाच कंपनीचे आणि एकाच पद्धतीचे आहेत. स्विच व प्लेस्टेशन २ यांच्या तुलनेत मात्र एका बाजूला दहा हजारांपर्यंत काटेकोर मालिका आहे, तर दुसऱ्या बाजूला २००७ मध्ये पद्धत बदललेली, २०१२ मध्ये खंडित झालेली आणि २०२४ मध्ये गोल आकड्याने पूर्ण केलेली मालिका आहे. या स्थितीत ‘प्लेस्टेशन २ : मार्च २०१२ अखेर १५.५ कोटींहून अधिक, कंपनीच्या २०२४ मधील कथनानुसार एकूण १६ कोटींहून अधिक’ अशी दुहेरी नोंद करणे हेच इतिहासाच्या शिस्तीला धरून होईल.

निष्कर्ष :

१. कन्सोलच्या विक्रीचा एकच ‘खरा’ आकडा असतो, ही समजूत टिकत नाही. उत्पादन-रवानगी, व्यापाऱ्यांना विक्री, ग्राहकांना विक्री व वापरातील संच हे चार स्वतंत्र आकडे आहेत.
२. प्रत्येक आकड्यासोबत टप्पा, तारीख, प्रदेश, यंत्राची व्याख्या आणि मोजणारी संस्था या पाच बाबी नोंदविणे आवश्यक आहे. यांतील एखादी अज्ञात असेल तर तसे नमूद करावे.
३. निरनिराळ्या टप्प्यांवरील आकड्यांची बेरीज करू नये, तसेच भाकिताला झालेली विक्री मानू नये.
४. अप्रत्यक्ष पुराव्यावरून मर्यादा काढता येते. ती मर्यादा म्हणूनच मांडावी.
५. एकाच विधानाची अनेक ग्रंथांतील पुनरावृत्ती हा अनेक पुराव्यांचा समुच्चय नव्हे.
६. अधिकृत मोजणीबाहेर राहिलेल्या नकला व अनधिकृत आयात यांचा उल्लेख केल्याशिवाय भारतासारख्या देशांतील या उद्योगाचा इतिहास पूर्ण होऊ शकत नाही.

अटारीच्या वितरकांनी वाढवून नोंदविलेली मागणी कंपनीने खरी मानली आणि तिची किंमत एका वर्षात चुकविली. इतिहासकाराची चूक इतक्या लवकर उघडकीस येत नाही. ती पाठ्यपुस्तकांतून पुढील पिढ्यांकडे जाते. म्हणूनच वाणिज्य, संख्याशास्त्र व इतिहास या तिन्ही विषयांच्या अध्यापकांनी समकालीन उद्योगांच्या आकड्यांची चिकित्सा हा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्याचा विषय करावा. फौजेची संख्या ताडून पाहण्याची जी शिस्त आहे, तीच या आकड्यांनाही लागू आहे.